शाम शुई पो मधले सहा आठवडे (हाँगकाँगला आर्टिस्ट रेसिडेन्सीसाठी जाणाऱ्यांना)

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2024 मध्ये हाँगकाँगला सहा आठवड्यांच्या रेसिडेन्सीला (म्हणजे कलाकाराने तिथं राहून काम करायचं) जाऊन आले, विषय होता दाटीवाटीचं शहर, आम्ही पाच जण पाच देशांतले. आल्यापासून खूप जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन फुकट होतं, पण त्यावर 14 दिवसच राहता येतं, तेवढ्यावर विसंबून तिकीट काढू नका. जास्त दिवस राहायचं तर व्हिसा आधीच हवा आणि त्याला यजमानांचं पत्र लागतं, आमचं इतकं उशिरा आलं की निघायच्या चार दिवस आधी व्हिसा हातात पडला. निवड झाल्याची मेल आली की त्याच दिवशी पत्र मागा. काय मिळणार तेही लेखी घ्या. आम्हाला खोली आणि स्टुडिओ मिळाला, विमानाचं तिकीट आणि रोजचं खाणंपिणं आपलं आपण. तेव्हा एक हाँगकाँग डॉलर जवळपास 11 रुपयांना पडत होता, त्या हिशोबाने पैसे धरा.

खोली कौलूनच्या बाजूला शाम शुई पो मध्ये, जुन्या टाँग लाऊ (खाली दुकानं, वर घरं अशी जुनी इमारत) बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे स्वतःला उचलून चढवता येईल एवढीच बॅग न्या. प्लग तिकडे चौकोनी तीन पिनांचा असतो, ॲडॉप्टर इथूनच घ्या.

मी लालबागच्या चाळीत 180 फुटांच्या खोलीत सात माणसांत वाढले, तेव्हा दाटी म्हणजे काय ते मला माहीत आहे असं धरून चालले होते. पण चाळीला गॅलरी असते, दार दिवसभर उघडं, शेजारणीशी बोलता बोलता भाजी निवडून होते. इथं दाराबाहेर लोखंडी जाळीचं दुसरं दार, दोन्ही बंद, एका फ्लॅटचे चार-पाच तुकडे पाडून भाड्याने दिलेले. मग माणसं हातपाय पसरतात कुठे, तर रस्त्यावर, आणि तेही पाळीपाळीने! अपलिऊ स्ट्रीटला उजाडायच्या आधी म्हातारी माणसं जुन्या वस्तूंच्या पथाऱ्या मांडतात, नंतर तिथंच चार्जर, रेडिओ, टॉर्चचे स्टॉल लागतात. हे एका फेरीत दिसत नाही हो. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच की शहरभर फिरत बसू नका, एक कोपरा निवडा आणि रोज एकाच वेळेला तिथं बसा.

मी सकाळी सहा ते दहा बसायचे. रोज एक आजी यायच्या, पुठ्ठे गोळा करणाऱ्या, तिथं म्हाताऱ्या बायकांना पो पो म्हणतात. खोकं उलटं करायचं, तळाची चिकटपट्टी अंगठ्याच्या नखाने उचकटून काढायची, एका पायाने दाबून सपाट, मोठे खाली लहान वर असं ट्रॉलीवर रचायचं आणि प्लॅस्टिकच्या दोरीने आवळून टोक गाठ न मारता आत खोचायचं. भाषा एकही सामायिक नाही, माझ्याकडे फक्त एम-कोय हा शब्द, आभाराला, वाट मागायला, वेटरला हाक मारायला सगळ्याला चालतो.

मग रविवारी सेंट्रल नावाच्या ऑफिसांच्या भागात गेले आणि तसेच पुठ्ठे दिसले. हाँगकाँगमध्ये घरकामाला आलेल्या परदेशी बायका तीन लाखांहून जास्त आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या, मालकाच्याच घरी राहतात, सुट्टीच्या दिवशी जायला स्वतःची जागा नाही. एचएसबीसी बँकेच्या बिल्डिंगखाली, पुलांवर, खोकी उलगडून कमरेएवढ्या भिंती करतात, चपला बाहेर काढून आत बसतात, जेवतात, एकमेकींचे केस विंचरतात, संध्याकाळी सगळं उचलून जातात. एका ग्रुपने परवानगी दिली तेव्हा मोजलं, सहा फूट बाय चार फूट, आत चौघी. माझं सगळं काम यातूनच निघालं, पुठ्ठ्यांच्या घड्यांचे ग्रॅफाइटने घासून घेतलेले ठसे, त्याच मापाच्या कागदावर.

फोटोचं मात्र सांभाळा. क्वारी बेची ती प्रसिद्ध उंच चाळीसारखी बिल्डिंग, सगळे जातात, पण तिथं माणसं राहतात आणि फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. आम्हाला एकदा पिंजऱ्याएवढ्या खोल्या "दाखवायला" नेणार होते, मी आणि अजून एक जण गेलो नाही. कुणाच्या अंथरुणापाशी कॅमेरा घेऊन उभं राहायचं हे मला पटत नाही, अजूनही नाही.

त्याऐवजी मेई हो हाऊस बघा. 1953 च्या नाताळात शेक किप मेईच्या झोपड्या जळून पन्नास हजारांवर माणसं बेघर झाली, त्यानंतर बांधलेल्या पहिल्या वसाहतीतली ही बिल्डिंग, आता हॉस्टेल आणि म्युझियम आहे, म्युझियम फुकट. कौलून वॉल्ड सिटी या पाडून टाकलेल्या दाट वस्तीच्या जागी आता बाग आहे, अडीच हेक्टरवर तेहतीस हजार माणसं कशी राहिली असतील याचा अंदाज त्या मोकळ्या जागेत उभं राहिल्यावरच येतो.

शाकाहारी असाल तर चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय जेवण मिळतं, पण चा चान टेंगमध्येही (तिथली चहा-नाश्त्याची साधी हॉटेलं) जाच, दुधाचा चहा घ्या, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं, अगदी आपल्या इराण्याकडे गर्दीच्या वेळी बसवतात तसं. ऑक्टोपस कार्ड (आधी पैसे भरून ट्रेन, बस, ट्रामला वापरायचं) एअरपोर्टलाच घ्या. आणि ट्राम! मुंबईची 1964 ला बंद झाली, इथली 1904 पासून चालू आहे, 2024 मध्ये तिकीट 3 हाँगकाँग डॉलर होतं, वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून टोकापर्यंत जा.

शेवटच्या दिवशी माझी दोन खोकी घेऊन कोपऱ्यावर गेले. आजींनी एकाची चिकटपट्टी काढली, दुसरं माझ्या हातात परत दिलं आणि पायाने दाब अशी खूण केली.

ठसे आणताना रोल करून जाड पाइपात घातले आणि केबिनमध्ये घेतले. पाइपाची लांबी एअरलाइनला आधी विचारून घ्या, माझा येताना काउंटरवर अर्धा तास वाद झाला.