शिडीवरचे काका

"काका, वयाचा तरी विचार करा!" खालून कोणीतरी ओरडलं. शिडीवरून उत्तर आलं, "तूं कौल दी आनी ओगी राव." म्हणजे, तू कौल दे आणि गप्प राहा.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. पाऊस तोंडावर आला की काका हजर. फुटकी कौलं बदलायची, पावळीतला पाचोळा उपसायचा, वाशाला वाळवी लागलीय का ते नखाने कोरून बघायचं. पंचायतीला कळवा म्हटलं तर म्हणतात, "तोवर पाऊस येतो."

गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यातलीच ही. काका इथे चौथीपर्यंत शिकले, पुढे शिकणं जमलं नाही.

चहाला बसलो तेव्हा एका पोराने विचारलं, "नातू कुठल्या शाळेत?"

"फोंड्याला. इंग्रजीत. बालरथाची बस येते न्यायला."

सगळे गप्प. काकांनी उंडा पावाचा तुकडा चहात बुडवला. "ती त्याची शाळा. माझी हीच न्हय?"

दुपारपासून तेच डोक्यात आहे. दुटप्पीपणा म्हणवत नाही, घरात मुलगा-सुनेचं चालत असणार. आणि आम्ही तरी कुठले वेगळे? माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप जोरात आहे, पंखे दिले, रंग काढून दिला, गुरुपौर्णिमेला फोटो टाकतो. पोरं मात्र सगळ्यांचीच बालरथात. पट घसरला म्हणून गोव्यात कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांना कुलूप लागलं, त्यातल्या काहींची छपरं अगदी धड होती.

यंदा आमच्या शाळेत पहिलीला कोण बसणार, कुणाला ठाऊक आहे का?