वहिनीचं सॉलिडवर्क्स, भावजींचं एडिटिंग आणि एकच ग्राफिक्स कार्ड

आमच्या फोंड्याच्या घरात दणकट म्हणावा असा कॉम्प्युटर एकच आणि त्यावर धंदे दोन. दिवसा मी त्यावर सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मशीन डिझाइन करते: कन्व्हेयर, फिक्स्चर, औषधी गोळ्यांच्या पॅकिंग लाइनचे सुटे भाग. गिऱ्हाईक बहुतेक कुंडई आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींतलं. संध्याकाळी खुर्ची धाकट्या भावजींची. लग्नं, हॉटेलांच्या छोट्या जाहिराती आणि नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत जे मिळेल ते एडिटिंग.

मशीन बाराव्या पिढीच्या आय-सेव्हनचं, रॅम ६४ जीबी, आणि गेमिंगचं ६ जीबी मेमरीचं कार्ड. तक्रारी दोघांच्याही. मोठी असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेलं मॉडेल, उघडून फिरवायला गेलं की चित्र धक्के खात फिरायचं, कधी कडाच गायब व्हायच्या. भावजींना दाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) लावलं की जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, मेमरी भरल्याचा निरोप यायचा. पणजीतल्या दुकानदाराचं उत्तर तयार होतं. "मॅडम, क्वाड्रो घाला, सगळं पळेल." क्वाड्रो म्हणजे एनव्हिडियाची व्यावसायिक कामाची कार्डं. एनव्हिडियाने २०२० मध्ये ए६००० काढलं तेव्हापासून नव्या कार्डांवरचं क्वाड्रो हे नाव उडवलं, तरी बाजारात अजून सगळे क्वाड्रोच म्हणतात. नावाचं काही नाही, पण त्या 'सगळं'वर माझा विश्वास बसेना. वस्तू लाखाच्या घरातली. आमच्यासारख्या दोन माणसांच्या ऑफिसला एवढे पैसे घालताना काय पळेल आणि काय जागचं हलणार नाही हे आधी कळायला हवं होतं.

म्हणून आधी मोजायला बसले. टास्क मॅनेजर उघडा ठेवून रोजचंच काम केलं. असेंब्लीत एक माप बदललं, रिबिल्ड, म्हणजे मॉडेलची नव्याने आकडेमोड, सुरू झालं, स्क्रीन गोठली, आणि प्रोसेसर दाखवत होता सात-आठ टक्के. हे बघून वाटतं की मशीन तर आरामात आहे. पण आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगितले, तेव्हा वीसपैकी एखाद-दुसराच चौकोन वर टेकलेला, बाकीचे सपाट. फीचर एकामागून एक सोडवायची असतात, पुढचं मागच्यावर अवलंबून, त्यामुळे हे काम बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड जवळजवळ रिकामं होतं. म्हणजे रिबिल्डसाठी मी जगातलं सर्वांत महाग कार्ड आणलं असतं तरी एक सेकंद वाचला नसता. फ्रेमच्या स्ट्रेस अ‍ॅनालिसिसचंही तेच. सॉलिडवर्क्स सिम्युलेशन कार्डाकडे बघतच नाही. आणि ज्या सॉफ्टवेअरचे सॉल्व्हर (गणित सोडवणारे भाग) बघतात त्यांतल्या पुष्कळांना डबल प्रिसिजनचा, म्हणजे जास्त अचूक आकडेमोडीचा, वेग लागतो. आम्ही बघत होतो त्या पिढीच्या कार्डांत तो साध्या, सिंगल प्रिसिजनच्या एक-चौसष्टांश आहे.

मग असेंब्ली नुसती फिरवून बघितली. इथे चित्र उलटं: कार्डाचा आलेख वर. सॉलिडवर्क्समध्ये परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन नावाचं एक साधन आहे. माझ्या ओळखीतले बरेच डिझायनर ते कधी उघडतच नाहीत. कुठला भाग किती ग्राफिक्स त्रिकोण खातो ते त्यात दिसतं. मी उतरत्या क्रमाने लावलं, तर सगळ्यात वर माझा एकही भाग नव्हता. पहिल्या नंबरवर सप्लायरच्या साइटवरून उतरवलेली गिअरमोटर. त्या मॉडेलमध्ये आतले गिअरसुद्धा होते, आणि प्रत्येक स्क्रूचे आटे खरेखुरे कोरलेले. खालोखाल केबल चेन, एकेक कडी सुटी. लाइनवर अशा गिअरमोटर डझनभर! डिफीचर करून आतलं सगळं काढलं, बाहेरचं कवच, शाफ्ट आणि बोल्टाची भोकं तेवढी ठेवली, तर निम्मे धक्के फुकटात गेले. कार्ड घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येक डिझायनरला मी हे आधी करायला सांगते, आणि बहुतेक जण करत नाहीत. कार्डाची चर्चा करायला जास्त मजा येते.

उरलेले निम्मे धक्के मात्र खरे होते. शिवाय काम करतानाच खऱ्यासारखी चकाकी दाखवणाऱ्या रिअलव्ह्यूचं बटण कायम करडं, कारण गेमिंगच्या कार्डावर सॉलिडवर्क्स ते चालू करत नाही. आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे रेंडर, म्हणजे फोटोसारखी चित्रं. ती काढणारं सॉलिडवर्क्स व्हिज्युअलाइझ तेव्हा एनव्हिडियाच्या आयरे इंजिनवर चालायचं. अख्खा सीन कार्डाच्या मेमरीत मावला तर काम कार्डावर, नाही तर प्रोसेसरवर. माझी पूर्ण लाइन ६ जीबीत मावत नव्हती, त्यामुळे एका चित्रासाठी मशीन रात्रभर घरघरायचं आणि भावजींची खुर्ची रिकामी राहायची. या एका गोष्टीवरून घरात जेवढी कुरबुर झाली तेवढी मालमत्तेवरूनही झाली नसेल.

भावजींचं म्हणणं, "वहिनी, त्याच पैशांत गेमिंगचं केवढं तरी मोठं कार्ड येतं." त्यात तथ्य होतं. आमच्या नजरेत असलेलं आरटीएक्स ए४००० आणि गेमिंगचं ३०७० टीआय यांच्यात चिप एकच, जीए१०४, आणि आकडेमोड करणारे कूडा कोअरही दोन्हीत ६१४४. फरक बाकीच्यात आहे. ३०७० टीआयला मेमरी ८ जीबी, ए४०००ला १६ जीबी, तीही चूक दुरुस्त करणारी ईसीसी. गेमिंगचं कार्ड २९० वॅट खातं आणि त्याच्या बळावर चिप जास्त वेगात पळवतं. ए४००० १४० वॅटांत भागवतं. नुसत्या वेगाला पैसे मोजायचे असतील तर प्रोफेशनल कार्ड घेऊच नये. ज्यादा पैसे जातात ते मेमरीला, आणि सॉफ्टवेअर कंपनीने तपासून शिक्का मारलेल्या ड्रायव्हरला, म्हणजे विंडोजला कार्डाशी जोडणाऱ्या प्रोग्रामला. कडा गायब होणं हा ड्रायव्हरचा आजार होता, वेगाचा नव्हे.

वॅटांचा मुद्दा आमच्याकडे जरा जास्तच वजनाचा. पावसाळ्यात वीज आली-गेली चालूच, आणि आमचा यूपीएस बेताचा. २९० वॅटांचं कार्ड रेंडरला लागलेलं असताना वीज गेली तर तो फाइल सेव्ह करण्यापुरताही तग धरील की नाही याची मला शंका होती. यूपीएसही नवा घ्यायचा म्हटलं तर गेमिंग कार्डातली बचत तिथेच गेली. हे गणित कागदावर मांडून दाखवलं तेव्हा भावजी म्हणाले, "जाऊं दी, वयनी, तुजेंच घे."

खरेदीचा भाग कंटाळवाणा, पण दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एका विक्रेत्याचं क्वोटेशन बाकीच्यांपेक्षा बरंच खाली होतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं की कार्ड परदेशातल्या जुन्या वर्कस्टेशनमधून काढलेलं. "नवीनच समजा, मॅडम." भारतातली वॉरंटी नाही, डबा नाही. मी सरळ सगळ्यांना कळवलं की बिलावर सीरियल नंबर आणि तीन वर्षांची भारतातली वॉरंटी लिहून हवी. निम्म्यांचे फोन त्यानंतर थंडावले. दुसरं, गोव्यातच घेतलं तर केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी ९ अधिक ९ टक्के आणि मुंबईहून मागवलं तर आंतरराज्य आयजीएसटी १८ टक्के. जीएसटी नोंदणी नेहमीच्या योजनेत असेल तर दोन्हींचं क्रेडिट मिळतं, तेव्हा कराच्या भीतीने मुंबईचा भाव टाळायचं कारण नाही. आमच्या सीएने एवढंच बजावलं, की क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर परत घसारा मागायचा नाही.

कार्ड चतुर्थीच्या आधी आलं. कॅबिनेट उघडलं तर आत तांबड्या धुळीचा थर. ब्लोअरने ती आधी बाहेर अंगणात नेऊन उडवली. जुनं कार्ड दोन स्लॉट अडवून बसलेलं. ए४००० एकाच स्लॉटचं, हातात धरलं तर लांबट वहीएवढं. एवढे पैसे घातल्यावर वस्तू जरा भारदस्त असावी असं वाटतंच. त्याला वीज सहा पिनांची लागते. आमच्या पॉवर सप्लायच्या वायरीला टोकाशी सहा आणि दोन असे सुटे होणारे जोड होते; दोनचा तुकडा नखाने बाजूला सरकवला आणि सहाचा बसवला, खट् आवाज येईपर्यंत. मागच्या बाजूला चारही तोंडं डिस्प्लेपोर्टची, एचडीएमआय एकही नाही. माझा मॉनिटर लगेच लागला. भावजींच्या ४के मॉनिटरला एचडीएमआयच हवं होतं, आणि ४के ६० हर्ट्झवर चालवायचं तर साधा अ‍ॅडॉप्टर पुरत नाही, अ‍ॅक्टिव्ह लागतो. तो म्हापशात मिळाला, तोवर चतुर्थीची सुटी लागून गेली होती. घरात माटोळी, भजन-आरती, आणि कोपऱ्यात एका मॉनिटरवर चाललेलं मशीन.

खरी कसोटी ड्रायव्हरची. सॉलिडवर्क्सच्या साइटवर हार्डवेअर सर्टिफिकेशनचं पान आहे: कार्ड, विंडोज आणि सॉलिडवर्क्सची आवृत्ती निवडली की कुठला ड्रायव्हर तपासलेला आहे तो क्रमांक मिळतो. तो सहसा सगळ्यात नवा नसतो. मी जुन्याचे सगळे अवशेष सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या साधनाने पुसले आणि यादीतला ड्रायव्हर चढवला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये थ्रीडी सेटिंग्जचा प्रीसेट सॉलिडवर्क्सचा निवडला. मग सॉलिडवर्क्सच्या ऑप्शन्समध्ये एनहान्स्ड ग्राफिक्स परफॉर्मन्सची खूण बघितली. ती सोय २०१९ च्या आवृत्तीपासून आहे, बदलली तर सॉलिडवर्क्स बंद करून पुन्हा उघडावं लागतं. रिअलव्ह्यूचं बटण रंगीत झालं. असेंब्ली फिरवली, कडा जागेवर, धक्के नाहीत. अख्खी लाइन एका बोटाने फिरत होती.

तेवढ्यात भावजी बसले, आणि त्यांचं रिझॉल्व्ह म्हणालं, ड्रायव्हर जुना आहे. रिझॉल्व्हच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला किमान अमुक ड्रायव्हर लागतो, आणि त्यांनी नुकतीच नवी आवृत्ती घातलेली. मला जुना तपासलेला हवा, त्यांना नवा. विंडोजवर एका वेळी या कार्डासाठी दोन ठेवता येत नाहीत. शेवटी सर्टिफिकेशनच्या यादीत माझ्या आवृत्तीसमोर एकाहून जास्त ड्रायव्हर असतात हे कामी आलं. त्यांतला सगळ्यात नवा, एनव्हिडियाच्या स्थिर समजल्या जाणाऱ्या प्रॉडक्शन ब्रँचचा, रिझॉल्व्हच्या किमान अटीत बसत होता. तो घातला. त्या दिवसापासून नियम असा, की मला विचारल्याशिवाय रिझॉल्व्हचं अपडेट दाबायचं नाही आणि विंडोजने आपणहून ड्रायव्हर बदलू नये म्हणून ती सोय बंद.

नॉइज रिडक्शन आता ४के टाइमलाइनवर चालतं, मेमरीची ओरड गेली. पण भावजींच्या नव्या कॅमेऱ्याचं फुटेज मात्र होतं तसंच अडखळत राहिलं. ते बघून त्यांचा चेहरा पडला, आणि खर्चाचा धनी कोण ही चर्चा पुन्हा उघडते की काय असं मला वाटलं. कारण वेगळंच निघालं. तो कॅमेरा व्हिडिओ दाबून साठवायच्या एच.२६५ पद्धतीत, रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या १० बिट ४:२:२ प्रकारात रेकॉर्ड करतो, आणि या प्रकारचं डीकोडिंग, म्हणजे फाइल उलगडणं, एनव्हिडियाच्या कार्डात हार्डवेअरवर होतच नव्हतं. २०२५ मध्ये ब्लॅकवेलची पिढी आली तेव्हा ते आलं. तोवर कार्ड कितीही महाग असो, ते काम प्रोसेसरवर पडायचं. गंमत अशी, की इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या साध्या इन-बिल्ट ग्राफिक्सला हे जमतं. आमच्या मशीनमध्ये ते होतंच, वेगळं कार्ड लावल्यामुळे बायोसमध्ये (मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) बंद पडलेलं. बायोसमध्ये जाऊन ते चालू केलं आणि रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये डीकोडिंगसाठी इंटेल क्विक सिंक, म्हणजे त्याच ग्राफिक्सची सोय, निवडलं. ही सोय रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे, विंडोजवरच्या फुकटच्या आवृत्तीत नाही. फुटेज सुरळीत चालू लागलं. लाखाचं कार्ड रंग आणि नॉइज बघतं, आणि फाइल उलगडायचं काम फुकटात आलेली चिप करते.

माझ्या बाजूने सगळ्यात मोठा फरक रेंडरमध्ये. लाइनचा पूर्ण सीन १६ जीबीत मावतो. पूर्वी रात्रभर लागायचं ते चित्र आता दुपारचं शीत-कढी जेवून वर येईपर्यंत तयार असतं. त्यामुळे कामाची पद्धतच बदलली. पूर्वी गिऱ्हाइकाला एकच चित्र पाठवायचे, कारण दुसरं काढायला रात्र मोडायची. आता वेर्ण्याच्या मीटिंगमधून कोणी फोन केला की मशीनवरचं संरक्षक गार्ड पारदर्शक करून दाखवा, ऑपरेटरच्या बाजूने दाखवा, तर त्याच दिवशी पाठवते. एका लाइनवर ऑपरेटरचा हात आणीबाणीच्या बटणापर्यंत पोचत नाही हे अशाच एका ज्यादा चित्रात मेंटेनन्सच्या माणसाने पकडलं. ड्रॉइंगवर त्या बटणाचं माप सगळ्यांनी तपासून सही केलेली होती.

रिबिल्ड अजून तेवढाच वेळ घेतं. त्यासाठी मी असेंब्ली सब-असेंब्लींत तोडली, संदर्भांतल्या उलटसुलट साखळ्या काढल्या. ती मेहनत वेगळी आणि तिला कार्ड लागत नाही. सध्या रिझॉल्व्हची पुढची आवृत्ती आलेली आहे, भावजींना तिच्यातली काही फीचर हवीत, आणि तिला लागणारा ड्रायव्हर माझ्या यादीत अजून आलेला नाही. मी आठवड्यातून एकदा ते पान उघडून बघते. ते रोज विचारतात.