लेकीच्या हेडफोनमधला मालकंस

परवा लेकीचा एक इअरफोन मी कानात घातला, म्हटलं बघू तरी रात्री एक-एक वाजेपर्यंत ऐकते काय ही, तर नुसतं टुकटुक टुकटुक आणि त्याच्यावर चक्क मालकंस राग! अगं हा तर मालकंस, म्हटलं, तर ती बघतच राहिली. मग तिनंच सांगितलं, चरणजित सिंग, हिंदी सिनेमात वाजवायचे, १९८२ साली रोलंड कंपनीची टीबी-३०३ (बेस वाजवणारं) आणि टीआर-८०८ (ताल वाजवणारं) ही इलेक्ट्रॉनिक मशिनं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये रेकॉर्ड परत निघाली तेव्हा लोक म्हणाले अरे हे तर अ‍ॅसिड हाउस, म्हणजे असल्याच मशिनांवरचं नाचायचं संगीत, आणि ते जिथं सुरू झालं म्हणतात त्या शिकागोच्याही आधीचं! फार भारी वाटलं मला. काल तिनं त्यातलाच ललत राग लावला, मी तिला त्यातले दोन्ही मध्यम, शुद्ध आणि तीव्र, गाऊन दाखवले.