मुंगळ्यांवर पावडर टाकण्याआधी

मिरग बरसला की कवेलूच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. कुठलं तरी कवेलू सरकलेलं असतं म्हणून न्हाणीकडच्या भिंतीला ओल धरते, आणि त्याच भिंतीतल्या चौकटीतून काळे मुंगळे ये-जा करू लागतात. मग घरातल्या कोणाला तरी कृषी केंद्रातली पावडर आठवते. "उधई लागली वाट्टे," असं म्हणत, म्हणजे वाळवी समजून, ती उंबऱ्यावर टाकलीही जाते.

माझं म्हणणं एवढंच की आधी जरा पाहावं. मुंगळा भिंतीवरून चालत असताना बाजूनं पाहिला तर पाठीची रेघ मानेपासून मागेपर्यंत एकाच कमानीत जाते, मध्ये कुठे खळगा नसतो. कंबर बारीक, तिच्यावर एकच उंचवटा. मिशा कोपरात वाकलेल्या. आणि एकाच रांगेत धाकटे-थोरले सगळे. थोरल्याचं डोकं तर अंगाला न शोभणारं. त्याला नांगी नाही, पण जबडा असा की ओढून काढला तर धड हातात येतं नि डोकं कातडीला तसंच राहतं. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

उधईला कंबरच नसते आणि तिच्या मिशा सरळ, मणीदार. पहिल्या पावसाच्या रात्री बल्बाभोवती पंखवाले घोंगावतात, तेव्हाही ओळख पटते. उधईचे चारही पंख एकाच लांबीचे असतात, मुंगळ्याचे पुढचे मोठे आणि मागचे लहान.

आमच्या गावचा वाढई, म्हणजे सुतार, मात्र किडा पाहतच नाही, तो खाली पाहतो. "माती दिसते का कुठं चौकटीवर? नाही ना? मंग उधई नोहे, भाऊ." उधई मातीच्या नळ्या बांधत चढते आणि पोखरलेल्या लाकडातही माती भरून ठेवते. घुण लागला असेल तर बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी. मुंगळ्याचा भुसा जाडसर. आमच्या चौकटीखालचा मी वर्तमानपत्रावर झाडून घेतला, तर लाकडाच्या तुसांत एक तुटका पाय, कुठल्या तरी भुंग्याच्या पंखाचं टवकं आणि एका मुंगळ्याचंच डोकं निघालं. घरातला केर बाहेर टाकायची त्यांची रीत पक्की. त्यांचं बीळ फोडलं तर आतून रंधा मारल्यासारखं गुळगुळीत दिसतं.

कारण मुंगळा लाकूड खात नाही. तो त्यात फक्त राहायला जागा कोरतो, तीही बहुतेक ओलं होऊन मऊ पडलेल्या लाकडात. सागाचा पिकलेला गाभा सहजासहजी दाद देत नाही. चौकटीच्या कडेला सुताराची नजर चुकवून राहिलेलं पांढरं लाकूड मात्र आधी जातं.

आणि घरात दिसणारा प्रत्येक मुंगळा घरचाच असतो असंही नाही. आपल्याकडचा नेहमीचा काळा मुंगळा, ज्याला 1787 मध्ये फॅब्रिशियस या डॅनिश अभ्यासकानं शास्त्रीय नाव दिलं, तो बहुधा झाडाच्या बुडाशी जमिनीत वारूळ करतो. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा ही कीड पडली की तिच्या गोड चिकट्यासाठी तो फांदीफांदीवर हजर. घरात येतो तो गुळाच्या डब्यासाठी. खरं घर शोधायचं तर दिवेलागणीनंतर गुळाचा खडा ठेवावा आणि टॉर्चच्या काचेवर लाल कागद लावून मागोमाग जावं. लाल उजेड त्यांना फारसा कळत नाही. आमची रांग न्हाणीच्या मोरीतून निघून सांदवाडीतल्या कडुनिंबाच्या मुळाशी गेली. पण दोन-चार फाटे चौकटीतही शिरत होते, तेव्हा तिथली ओल काढणं आलंच.

पावडर टाकायला पाच मिनिटं लागतात. कवेलू चाळणारा माणूस मात्र आता पंचक्रोशीत भेटत नाही. ज्याला जमलं त्यानं स्लॅब टाकला, बाकीच्यांनी टिनं. मी वाढईला म्हटलं, चौकटीचं नंतर पाहू, आधी वरची कवेलू बसवून दे. तो वर गेला, फुटलेले तुकडे अंगणात टाकत गेला आणि खाली येऊन तंबाखू मळत म्हणाला, "हे मी आज बसवतो. पण उद्या सकाळी वानरं येतीन नाचाले. आधी थे आवर, मंग मुंगळ्याचं पाहू."