सरांचा १० जुलै

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलन, सहली, खो-खोचा संघ असं बरंच डोक्यात होतं. लिहायला बसलो आणि इतिहासाच्या सरांपुढे बाकी सगळं मागे पडलं. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे कुठल्याच बॅचला सांगावं लागत नाही.

तहसील कचेरीजवळचा यशवंत घाडगे यांचा पुतळा आपण जाता-येता बघायचो. बघायचो म्हणजे तिथे पुतळा आहे एवढं ठाऊक होतं. सरांनी त्या पुतळ्याचा माणूस केला. “पळसगावचा पोरगा,” ते म्हणायचे, “तुमच्याच तालुक्यातला. जन्म १९२१चा, गेला तेव्हा वय २२. तुझा दादा केवढा आहे रे?”

दर १० जुलैला धडा बंद. बाहेर धो धो पाऊस, सरांना ओरडून बोलावं लागे. १९४४ सालची ही तारीख. इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली. नाईक हुद्द्यावरचे घाडगे एका सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, कमांडर. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधला एकूण एक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटे धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा गारद, टॉमीगनने आणखी एक. उरलेल्या दोघांना त्यांनी बंदूक नळीकडून धरून हाणलं, कारण गोळ्यांचं मॅगझीन बदलायला वेळ नव्हता.

इथे मी हात वर केला. “सर, असा कितीसा वेळ लागतो?”

सर काही बोलले नाहीत. माझ्या बॉलपेनकडे बोट दाखवलं. “रिफील काढ, परत घाल. मी फळ्यापासून निघतो.” मी शेवटच्या बाकावर. पेन उघडलं, स्प्रिंग टुणकन बाकाखाली गेली, ती शोधायला वाकलो तोच सरांच्या चपला दिसल्या. “आलो मी,” सर म्हणाले. एरवी माझ्या फजितीवर खिदळणारा वर्ग गप्प होता. मग सरांनी पुढचं सांगितलं : शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून घाडगे त्याच ठाण्यात पडले.

त्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, कॅसिनोच्या स्मारकावर हजारो नावांत त्यांचं नाव आहे, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या पत्नीने घेतलं, हेही सरच सांगत. एकाने निबंधात ‘देशासाठी प्राण अर्पण केले’ असं लिहिलं, तर सरांनी समासात लाल शाईने विचारलं, “फौज कोणाची? त्या दिवशी नगरच्या किल्ल्यात कैदेत कोण होतं?” मार्क मात्र कापले नाहीत. नेहरू, हे उत्तर शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. आणि तरीही १० जुलैला पुतळ्याला हार घालायला सर आम्हालाच पाठवायचे. एवढा सरळ शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही, कॉलेजातसुद्धा नाही.

आज चाकणला माझा स्वतःचा कारखाना आहे, थोरली सीए झाली. सगळी सरांची पुण्याई. पुतण्या मात्र परवा म्हणाला, “घाडगे म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, एक मार्काला येतं.” झालं, विषय संपला!

तिकडे इटलीत माँतोने गावात जुलै २०२३मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिल्याची बातमी आली. इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले, हा आकडाही त्याच बातमीत वाचला. सर असते तर त्याच दिवशी पिरियड बदलून घेतला असता.

मुख्याध्यापकांना कळवलं आहे की इतिहासाच्या वर्गासाठी इटलीचा मोठा नकाशा माझ्याकडून. माँतोने त्यात छापलेलं नसेल तर मी खूण करून देईन. कुरिअर शाळेच्या पत्त्यावर करू की कुणी पुण्याहून येणार आहे, तेवढं सांगा.