ठोकळा बसला, मग बोट हलवली

गोव्यातल्या झुआरी नदीच्या काठावरच्या ज्या बोटींच्या यार्डात मी डिझाइन विभागात काम करते, तिथे गेल्या जूनमध्ये १२ मीटर लांबीच्या, गोल पोटाच्या फायबर बोटीला इकोसाउंडरचा, म्हणजे ध्वनीने पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा, ट्रान्सड्यूसर बसवायचा होता. काम ऐकायला किरकोळ वाटते. ट्रान्सड्यूसरमधून निघणारी ध्वनिलहर सरळ खाली जायला हवी, म्हणजे त्याचा दांडा ओळंब्यात हवा. पण तो बसतो त्या जागी आमच्या बोटीचे बूड आडव्या पातळीशी १४ अंशांनी कललेले आहे. तो बुडाला काटकोनात बसवला, तर १० मीटर खोल पाण्यात लहरीचा मध्य अडीच मीटर बाजूला जातो. म्हणून बाहेरून एक पाचरीसारखा ठोकळा लावायचा आणि आतून दुसरा, म्हणजे आतला नट सपाट पृष्ठावर आवळता येतो. बाहेरच्या ठोकळ्याची खालची बाजू आडवी, आणि वरची बाजू बुडाच्या वळणाला तंतोतंत जुळणारी.

खरी मेहनत या ‘तंतोतंत’मध्ये आहे. डिझाइनचे सॉफ्टवेअर विकणारे प्रात्यक्षिकात नेहमी नळीवर नळी बसवून दाखवतात, कारण टॅन्जंट मेट, म्हणजे मॉडेलमधली दोन पृष्ठे एकमेकांना टेकवून जोडण्याची आज्ञा, सपाट प्रतल, नळकांडे, शंकू किंवा गोल अशा सोप्या आकारांवर सहज चालते. बोटीचे बूड यांपैकी काहीच नसते. ते दोन दिशांना वेगवेगळे वळते आणि ते वळणही दर हातभर अंतरावर बदलते. आमच्या जागी आडव्या दिशेने वळणाची त्रिज्या सुमारे दीड मीटर होती आणि लांबीच्या दिशेने नऊ मीटर. म्हणजे २०० मिलिमीटर रुंद आणि ४०० मिलिमीटर लांब ठोकळा वरून सपाट ठेवला, तर मध्यभागी टेकल्यावर रुंदीच्या कडांशी ३.३ आणि लांबीच्या टोकांशी २.२ मिलिमीटर फट उरते, आणि कोपऱ्यांत दोन्हींची बेरीज होते. आमच्या शिकाऊ मुलाने पहिल्या प्रयत्नात सॉफ्टवेअरने सुचवलेला, बुडाला काटकोनातला लंब मुकाट्याने स्वीकारून अख्खा भाग तिरका बसवला होता. मी मॉडेलमधल्या बुडाच्या सरफेसवर, म्हणजे पृष्ठावर, एक बिंदू घेतला, त्या बिंदूपाशी ओळंब्याचा, लांबीचा आणि आडवा असे तीन अक्ष उभे केले, ठोकळ्याचे अक्ष त्यांना जोडले आणि मगच त्याची वरची बाजू बुडाच्या सरफेसने कापून घेतली. पडद्यावर फट शून्य दिसत होती, आणि त्याचा मला अभिमान होता हे लपवत नाही.

सीएनसीवरून, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या यंत्रावरून, ठोकळा आला. दुपारी बारा वाजता बोटीखाली वाकून आमच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, तो बुडाला धरला आणि मला कोकणीत बोलावले, “बाय, हांगा पळय” (इकडे बघ). बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात ४ मिलिमीटर फट होती. कार्यालयातून दोन-तीन जण खाली आले. त्यांतल्या ज्यांनी फट मोजायचा फिलर गेज कधी हातात धरला नव्हता त्यांनीही संगणकावरच्या कामाविषयी आपले मत दिले. मी वर जाऊन बिंदूची जागा तपासली, फाइल रूपांतरित करताना सरफेसचे तुकडे सुटले आहेत का ते पाहिले, डावी-उजवी बाजू उलटी झाली आहे का तेही पाहिले. चूक सापडली नाही. त्यामुळे खाली येऊन ‘घासून घ्या’ असे मीच सांगितले.

मेस्तांनी बुडाला खडू फासला, ठोकळा दाबून जिथे खडू उमटला तिथे रंदा मारला, पुन्हा दाबला, पुन्हा मारला, आणि शेवटी पॉलिश पेपर फिरवला. चार वाजता कोपऱ्यात कागदसुद्धा शिरत नव्हता. इतके सुबक काम मी क्वचित पाहिले आहे.

१ जून ते ३१ जुलै ही गोव्यातली मासेमारीबंदी, त्यामुळे त्या दिवसांत ट्रॉलर दुरुस्तीसाठी वर काढतात आणि यार्डात पाय ठेवायला जागा उरत नाही. सोमवारी एका ट्रॉलरसाठी आमची बोट सरकवून दुसऱ्या टेकूंवर ठेवली. फटी बुजवणारे सीलंट लावण्याआधी ठोकळा पुन्हा धरून पाहिला, तर आता समोरच्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर फट होती. आधीच्या जागी एक टेकू ठोकळ्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर होता. बूड ताठ ठेवणाऱ्या आतल्या आडव्या पट्ट्या अजून बसवायच्या होत्या आणि फायबरची जाडी होती १० मिलिमीटर; बोटीच्या वजनाने टेकूपाशी बूड आत दबले होते आणि आम्ही सर्वांनी मिळून त्या दबलेल्या आकारावर ठोकळा घासला होता. माझ्या मूळ आकाराचा दुसरा ठोकळा करायला वेळ नव्हता, खरेदी विभागाकडे तेवढ्या मापाचा तुकडाही नव्हता (तो कधीच नसतो). एका कोपऱ्यात सीलंटचा जाड थर देऊन काम पुरे केले. इकोसाउंडर चाचणीत नीट चालला.

तरीही हे प्रकरण डोक्यातून जात नाही. त्या दुपारी मी मॉडेल तपासले, स्वतःला तपासले, पण बोट कशावर उभी आहे हे वाकून पाहिले नाही, आणि बोटीखाली तर मी तासभर होते. चार लोकांसमोर खोटे पडल्याच्या लाजेने मी बरोबर असलेला ठोकळा घासायला दिला, की उभ्या बोटीवर विश्वास ठेवणे त्या क्षणी शहाणपणाचेच होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच साच्यातून दुसरी बोट आता निघाली आहे. या वेळी नकाशावर टेकूंच्या जागाही काढल्या आहेत, आणि ठोकळ्याभोवती एक मीटरपर्यंत टेकू लावू नये अशी टीप दिली आहे. ती वाचून मेस्तांनी विचारले की, पाण्यात उतरल्यावर टेकू नसतील, इंजिन आणि इंधनाचे वजन असेल, तेव्हा ते बूड पुन्हा कुठल्या आकाराचे होईल? प्रश्नाला तोड नाही. बोट तरंगत असताना ती जागा बाहेरून मोजण्याचे साधन आमच्याकडे नाही. सीलंटच्या थराच्या जाडीचा रकाना मी रिकामा ठेवला आहे, आणि नकाशा तसाच खाली पाठवला आहे.