घरातल्या सगळ्यांचं प्रेशर आठवडाभर मोजताना

हेल्थ सेंटरवर एकदा मोजलेला प्रेशरचा, म्हणजे रक्तदाबाचा, आकडा घेऊन माणूस घरी आला की एक तर घबराट होते, नाहीतर ‘उन्हातून चालत गेलो म्हणून जास्त दाखवलं’ असं म्हणून विषय मिटतो. एका आकड्यावरून यातलं काहीच ठरत नाही. काहींचं प्रेशर डॉक्टरांसमोर वर जातं आणि घरी ठीक असतं. काहींचं तिथे ठीक आणि घरी चढलेलं असतं. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो सापडतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही म्हणजे प्रेशर नाही, ही समजूत तर घरोघरी आहे, पण प्रेशर वाढलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून आमच्याकडे तिशीपुढच्या सगळ्यांचं आठवडाभर घरीच मोजलं. ते कसं करायचं आणि कुठे बिघडतं, ते सविस्तर लिहिते.

यंत्र दंडाला बांधायचंच घ्यावं. मनगटाचं सुटसुटीत दिसतं, पण हात हृदयाच्या पातळीवरून जरा हलला की त्याचा आकडा चुकतो. खरेदीला जाण्याआधी शिलाईच्या टेपने प्रत्येकाच्या दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराचा असतो. आमच्यात एकाचा दंड त्याहून जाड, म्हणून मोठा पट्टा घेतला. जाड दंडाला लहान पट्टा आवळला तर आकडा खोटाच वर जातो, आणि निरोगी माणसाला गोळी सुरू व्हायची वेळ येते. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोनेक सेंटीमीटर वर बांधायचा. खाली दोन बोटं जेमतेम सरकली पाहिजेत. बाही वर गुंडाळून दंड आवळला गेला तर तेही मोजमाप फुकट.

बसण्याची जागा हा आमच्याकडचा खरा प्रश्न होता. बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) सोप्यावर बसून मोजणं सोयीचं वाटतं, पण तिथे हात टेकायला टेबल नसतं. हात मांडीवर राहतो आणि हृदयापासून दहा सेंटीमीटर खाली गेला की वरचा आकडा साधारण ७-८ ने जास्त येतो. आम्ही जेवणाच्या टेबलाजवळ पाठीची खुर्ची ठेवली, हाताखाली उशी घातली. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. असं पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग बटण दाबायचं.

गप्प बसणं सगळ्यात अवघड. पट्टा फुगत असताना ‘पोदेर (पाववाला) आला काय बघ’ एवढं बोललं तरी आकडा चढतो. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. लघवी तुंबलेली असली तरीही प्रेशर जास्त दिसतं, तेव्हा आधी जाऊन यायचं.

सकाळी चहा-पाव आणि प्रेशरची गोळी यांच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी. दर वेळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. चहा, तंबाखू किंवा कष्टाचं काम झालं असेल तर अर्धा तास जाऊ द्यावा. कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) आल्या आल्या मोजू नये. उर्राक, फेणी घेतली असेल तर वहीत खूण करा, कारण दारू भरपूर झाली असेल तर प्रेशर काही तास उतरतं आणि पुढे चढतं, म्हणून त्या संध्याकाळचा चांगला आकडा खरा धरता येत नाही. चवथीचा (गणेशचतुर्थीचा) किंवा गावच्या जत्रेचा आठवडा यासाठी निवडू नये. जागरण, पाहुणे, जेवणं, सगळंच वेगळं असतं.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजून ज्या हाताचं जास्त येईल, तोच हात पुढे ठेवायचा. दोन हातांत सतत १५ किंवा जास्त फरक दिसला तर तो डॉक्टरांना सांगण्यासारखा आहे. आकडे वहीत लिहिणंच बरं. यंत्राच्या मेमरीत घरातल्या सगळ्यांचं एकमेकांत मिसळतं आणि मग कुणाचं कुठलं ते कळत नाही. प्रत्येकाला वेगळं पान दिलं. जास्त आलेला आकडा खोडून ‘परत बघूया’ करायचं नाही. जे आलं ते लिहायचं, सोबत नाडीही.

सात दिवस झाले की पहिला दिवस सोडून द्या. त्या दिवशी यंत्राचीच धास्ती असते. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे बेरजेत घ्या, वरच्यांची सरासरी वेगळी, खालच्यांची वेगळी. घरची सरासरी १३५ किंवा ८५ यांपैकी एक जरी गाठत असेल तर ते वाढलेलं प्रेशर. दवाखान्यात मोजताना हीच रेघ १४०/९० असते. मध्येच एखादा आकडा १५० आला म्हणून घाबरू नये. मात्र १८०/१२० च्या घरात आला तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दिसायला अंधुक होणं यातलं काही असेल तर वही-बिही ठेवून थेट १०८.

वयस्कर माणसं आणि मधुमेही यांचं एक जादा मोजमाप घेतलं: बसून मोजल्यावर उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर रात्री उठताना पडण्याचा धोका असतो. हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे, नाहीतर गोळी वाढवली जाते आणि म्हातारं माणूस न्हाणीघरात कोसळतं.

वही घेऊन जाताना यंत्रही नेलं आणि तिथल्या यंत्राशी ताडून पाहिलं. वर्षातून एकदा हे करावं. तिशीपुढच्यांची प्रेशर आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, तेव्हा त्याच फेरीत साखर उरकली. प्रेशर वाढलेलं ठरलं तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी यांबद्दल स्वतःहून विचारावं. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही द्यावी. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टिरॉइड, या सगळ्यांनी प्रेशर चढतं, आणि फार्मसीतून आपणच आणलेली गोळी कुणी ‘औषध’ म्हणून सांगत नाही.

आता मीठ. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, तेही सगळं धरून. पाच माणसांच्या घरात एक किलोचं पाकीट निदान ४० दिवस टिकायला हवं. पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहायची, एवढाच हिशेब. मासे धुताना, भाताच्या पाण्यात थोडं वाया जातं हे खरं, पण पाकिटाबाहेरून येणारं मीठ आपल्याकडे त्याहून मोठं आहे: खारी सुकी मासळी, मिठातली तोरं (खारवलेल्या कैऱ्या), लोणचं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पाव, फरसाण. पेज आणि तोर हे हलकं जेवण म्हणून आजाऱ्याला देतात, पण प्रेशरवाल्याला तोर म्हणजे नुसतं मीठच.

आम्ही पुरुमेंतापासूनच (पावसाळ्यासाठीच्या साठवणीपासूनच) हात घातला, कारण मे महिन्यात साठवलेलं पावसाळाभर खाल्लं जातंच. सुकी मासळी कमी भरली. करताना कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी टाकतो, परत एकदा तसंच करतो, आणि त्या हुमणात (माशांच्या आमटीत) वेगळं मीठ घालत नाही. सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमुरीतही, म्हणजे कोरड्या कोशिंबिरीतही, नाही, तिला खोबरं आणि आंबटाची चव पुरते. आगळाऐवजी सोलं (सुकी कोकमं) धुऊन भिजवतो. ताटात मीठ वाढणं बंद केलं. आगरवाड्याचं जाडं मीठ असो की सैंधव, सोडियम वजनाला जवळपास तेवढंच. वर आयोडिनयुक्त मिठातलं आयोडिन त्यांत नसतं, म्हणून घरचं रोजचं मीठ पाकिटाचंच ठेवलं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीचा आजार असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी प्रेशरची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

चव बसायला काही आठवडे लागतात. तोवर घरात कुरबुर होते, तेव्हा सगळ्या पदार्थांतलं एकदम काढण्यापेक्षा थोडं थोडं कमी करावं. महिनाभराने पुन्हा तसाच आठवडा मोजायचा. आकडे उतरले तरी गोळी आपल्या मनाने सोडायची किंवा अर्धी करायची नाही. नवी वही डॉक्टरांपुढे ठेवायची, आणि गोळ्या बदलल्या तर बदललेली तारीख त्याच पानावर, आकड्यांच्या शेजारी लिहायची.